धड्याबाहेरचे दहा शब्द

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लेक बर्फावर उतरायला लागली तेव्हापासून मी तिच्या मॅचेस बोटांच्या फटीतून बघत आले आहे. घरात याची भरपूर थट्टा होते. नवरा म्हणतो, निवेदिताला गोल झालेला फक्त टाळ्यांवरून कळतो. म्हणू दे. आईस हॉकी हा खेळ ज्याने शोधून काढला त्याला पोटची मुलगी नसणार, असं माझं स्पष्ट मत आहे. पायात पाती, हातात काठी, चहूबाजूंनी भिंत, आणि एवढं सगळं कशासाठी, तर रबराच्या एका काळ्या चकतीसाठी.

त्यात आमची धम्मदीना खेळते पुढच्या फळीत. गोल करायचं काम तिचं, त्यामुळे समोरच्या पोरी धावून येतात त्या हिच्याच अंगावर. हॉकीतलं मला काही कळत नाही, पण ती चकती घेऊन वळते तेव्हा सगळं स्टेडियम एकदम गप्प होतं, एवढं मलाही कळतं. मागच्या वर्षी स्वीडनमधल्या एका छोट्या क्लबने तिला पगारावर घेतलं. तिथे तिने असे काही गोल मारले की यंदा वरच्या लीगमधल्या क्लबचं बोलावणं आलं. तिथला कोच आम्हाला फोनवर म्हणाला, ‘तुमच्या मुलीचा खेळ अजून अर्धासुद्धा दिसलेला नाही.’ ऑगस्टमध्ये त्यांचा कॅम्प होता. कॅम्पमध्ये टिकली तर टीममध्ये, नाहीतर परत घरी.

विसाव्या वर्षी पोरीने असं काही करून दाखवल्यावर आमच्या लोकांना किती आनंद झाला असेल? ऑकलंडमधल्या आपल्या मंडळींनी वंदनेनंतर तिचा सत्कार केला, शाल दिली, बाबासाहेबांचा फोटो दिला. एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘पण हॉकीनंतर काय करणार?’ मी म्हटलं, काकू, अजून हॉकीच सुरू व्हायची आहे. सगळ्यांत ताठ मानेने बसले होते माझे सासरे. दादाराव, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. औरंगाबाद जिल्ह्यातल्या शाळेत हेडमास्तर होते. त्यांच्या हाताखालून स्कॉलरशिपला बसलेलं पोर नापास झालं नाही असं गावात अजूनही सांगतात. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. नातीला हॉकी शिकवता येत नाही याची त्यांना खंत होती, पण तिचं बाकी सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं.

निघायला दहा-बारा दिवस असताना शनिवारी इथल्या क्लबने निरोपाची मॅच ठेवली. नवरा, नितीश, हॅमिल्टनला होता. इथला हिवाळा जून-जुलैतला, त्या दिवसांत गाई दूध देत नाहीत तेव्हाच डेअरीच्या कारखान्यांतली यंत्रं दुरुस्तीला उघडता येतात, त्यामुळे जुलैमध्ये तो आम्हाला फक्त फोनवर भेटतो. मी आणि अप्पा गेलो. मी नेहमीसारखी डोळ्यांवर हात ठेवून होते, म्हणून प्रत्यक्ष काय झालं ते मी बघितलं नाही. आवाज मात्र ऐकला. कपाट पडावं तसा.

डोळे उघडले तर दीना भिंतीच्या पायाशी आडवी. मागून येणारी पोरगी घसरली आणि हिला घेऊन भिंतीवर आदळली, मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं. दीना उठेना. मी खुर्च्यांवरून कशी खाली गेले ते मला आठवत नाही. मी पोचेपर्यंत ती उठून बसली होती आणि टीमची फिजिओ तिला बाकावर घेऊन चालली होती.

मग बाकावरच तिची डोक्याची तपासणी झाली. डोक्याला मार बसला की हे लोक लगेच करतात. फिजिओने कागदावरून दहा शब्द वाचून दाखवले, ते दीनाने म्हणून दाखवले. महिने उलटे म्हणायला सांगितले, तेही म्हटले. आकडे उलटे म्हटले. एका पायावर उभी राहिली. एक चूक नाही. फिजिओ हसून म्हणाली, ‘स्वीट ॲज,’ म्हणजे एकदम झकास. तरी तिने दीनाला पुन्हा खेळायला सोडलं नाही, आणि स्वीडनला जाण्याआधी खेळायला हरकत नाही असं डॉक्टरचं पत्र घ्या म्हणाली. अप्पा माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, ‘पैकीच्या पैकी.’ मला वाटलं, मास्तर माणूस, सवयीने बोलले.

घरी आल्यावर मात्र माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कुकरची शिट्टी झाली तर दीनाने दोन्ही कान दाबून धरले. स्वयंपाकघरातला दिवा तिने दोनदा मालवला. ‘बाबा कधी येणार?’ असं इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं, शुक्रवारी. ताटं घेईपर्यंत तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगितलं. जेवता जेवता तिसऱ्यांदा विचारलं. तिच्या तोंडावर आठवायचा प्रयत्नसुद्धा दिसत नव्हता. तिच्या लेखी ती पहिल्यांदाच विचारत होती.

‘दीना, डोकं दुखतंय का?’

‘नो, मम. आय’म फाइन. व्हेरी टायर्ड, दॅट्स ऑल.’

मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच. एरवी मी चिडवते. त्या दिवशी ती कुठल्या भाषेत खरं बोलेल याचाच विचार करत बसले.

रविवारी सकाळी ती बाथरूममध्ये दिवा न लावता टबच्या कडेवर बसलेली सापडली. एका पायात रबरी चप्पल, दुसरा पाय उघडा, हातात टूथब्रश कोरडा. किती वेळ बसली होती कोण जाणे. मी नितीशला फोन केला. तो म्हणाला, ‘अगं, टेस्टमध्ये पास झालीय ना? तुला तर पोरीला साधा खोकला झाला तरी घाम फुटतो.’ माझी ख्यातीच तशी. लांडगा आला रे आला म्हणून आयुष्यभर ओरडत आलेल्या बाईने खरा लांडगा दारात उभा राहिल्यावर कोणाला हाक मारायची?

त्यातून मी इंटरनेट उघडलं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पहिला मार बरा व्हायच्या आत डोक्याला दुसरा बसला तर तरणी मुलंसुद्धा दगावतात, असं तिथे सरळ लिहिलं होतं. स्वीडनच्या कॅम्पमध्ये दुसरा मार किती दिवसांनी बसेल, हा हिशोब मला करायचा नव्हता, पण डोकं आपोआप तोच करत होतं. मी फोन उलटा ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. अर्धी चिरून तीही बाजूला ठेवली.

सोमवारी दुपारी डॉक्टरकडे जायचं ठरलं. पेनरोजमध्ये एका फूड कंपनीच्या शीतगृहात मी काम करते. माल तपासून बाहेर सोडायचा की नाही ते मी ठरवते. अर्धी सुट्टी टाकून मी घरी आले तर अप्पा शर्ट-पँट, वर कोट घालून तयार. मी येतो म्हणाले. नाही कशाला म्हणायचं? ते मागे दीनाच्या शेजारी बसले, मी गाडी काढली.

मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा मागून अप्पांचा आवाज आला, ‘हं, म्हण बाळा. डिसेंबरपासून.’

दीनाने महिने उलटे म्हटले. धडाधड, पाढे म्हणावेत तसे. मग अप्पा म्हणाले, ‘आता तिसरी यादी.’ आणि दीना सुरू झाली, ‘कँडल, बास्केट, टायगर, ब्रिज, बटर...’ दहाही शब्द एका लयीत. ती लय मला चांगली ओळखीची होती. नितीश सतरापासूनचे पाढे त्याच लयीत म्हणतो.

मी गाडी कडेला घेतली. समोर एक बंद पडलेलं किराणा दुकान होतं, त्याच्या दारात थांबवली. मागे वळले.

‘अप्पा, हे काय चाललंय?’

‘उजळणी,’ अप्पा म्हणाले. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मागच्या वर्षी स्वीडनला जाण्यापूर्वी क्लबने कळवलं होतं की आल्यावर अशी अशी एक टेस्ट होईल. नातीची परदेशातली पहिली परीक्षा. अप्पांनी इंटरनेटवर शोध घेतला, तपासणीचे नमुने सापडले, शब्दांच्या सगळ्या याद्या सापडल्या. मग काय, महिनाभर रोज संध्याकाळी पोरीकडून पाठ करून घेतल्या. आकड्यांच्या जोड्यासुद्धा. ‘परीक्षा म्हटली की तयारी नको? आपल्याला कोणी कधी एक मार्क फुकट दिलाय का, निवेदिता?’

खरंच दिलेला नाही. त्यांच्या वडिलांनी शाळेच्या व्हरांड्यात बसून ऐकलेल्या धड्यांवर हे घर उभं आहे. अप्पांनी वाड्या-वस्त्यांवरची पोरं शोधून त्यांच्याकडून जुन्या प्रश्नपत्रिका घोटून घेतल्या, म्हणून ती आज इंजिनियर आहेत, तहसीलदार आहेत. या माणसाला कोणी परीक्षेचा कागद दाखवावा आणि त्याने तो सोडवून घेऊ नये, हे शक्यच नव्हतं. हे सगळं मला कळत होतं आणि तरी त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला की स्टिअरिंगवरचे हात दुखायला लागले.

‘अप्पा, ही परीक्षा नाही. हा थर्मामीटर आहे.’

‘मग ताप असेल तर दिसेलच ना त्यात?’

‘कसा दिसेल? तुम्ही तिला पारा खाली ठेवायला शिकवलंत. तिच्या डोक्याला काय झालंय ते आता कोणाला कळणार नाही. फिजिओला कळलं नाही, डॉक्टरला कळणार नाही. ती ते शब्द झोपेतसुद्धा म्हणेल.’

अप्पांच्या आधी दीना बोलली. डोळ्यांवर काळा चष्मा होता, आवाज मात्र धारदार.

‘मम, डोन्ट यू डेअर टेल हर. कॅम्प मिस झाला तर दे’ल गिव्ह माय स्पॉट टू समवन एल्स. दे वोन्ट वेट. माझ्यासाठी कोणी थांबत नाही तिथे. मी पास झालेय. आय पास्ड!’

इतकं मराठी ती माझ्याशी कितीतरी दिवसांनी बोलली. तिला स्वीडन किती हवं होतं ते मला माहीत नव्हतं का? हिवाळ्यात पहाटे अंधारात मीच तर तिला बर्फावर सोडायला जायची. सहा वर्षांची असताना ती पडली की मी रडायचे आणि ती हसायची. आता माझ्या एका वाक्याने तिचं सगळं जाणार होतं, आणि समजा माझंच चुकलं असलं तर? मी तर जन्माची घाबरट. थकलीय म्हणते, खरंच थकली असेल तर? मग ही पोरगी मला कधी माफ करेल?

मी गाडी पुन्हा सुरू केली. जरा पुढे सिग्नलला थांबलो तेव्हा दीना खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाली, ‘व्हेअर आर वी गोइंग?’

मी आरशात बघितलं. अप्पा तिच्याकडे बघत होते. उत्तर न येणाऱ्या मुलाचा चेहरा कुठल्याही मास्तराला ओळखता येतो. अप्पांच्या तोंडाचा रंग उडाला होता.

‘डॉक्टरकडे, बाळा,’ ते म्हणाले.

‘ओह. ओके.’

डॉक्टर पन्नाशीच्या बाई, बोलायला गोड. ‘किया ओरा’ असा इथला माओरी नमस्कार करून त्यांनी आम्हाला आत घेतलं. अप्पांना खुर्ची दिली. दीनाला दारातच सांगितलं, मी तुझ्याबद्दल पेपरमध्ये वाचलं. मग विचारलं, डोकं दुखतं का, उलटी होते का, उजेड सहन होतो का. दीनाने सगळ्याला छान हसून नाही म्हटलं. चष्मा तिने बाहेरच खिशात टाकला होता. डोळ्यांत आलेलं पाणी मला दिसत होतं, कारण मला ते बघायचंच होतं.

डॉक्टरांनी कागद काढला आणि दहा शब्द वाचायला सुरुवात केली. पहिलाच शब्द ऐकून मी ओळखलं, तिसरी यादी. कँडल. बास्केट. टायगर.

दीनाने दहाच्या दहा म्हटले. डॉक्टर कौतुकाने म्हणाल्या, इतकं मला स्वतःला जमलं नसतं. महिने झाले, आकडे झाले, एका पायावर उभं राहून झालं. ज्या पोरीचं आयुष्य पात्यावर गेलं तिला जमिनीवर उभं राहायला काय लागतंय? डॉक्टर कॉम्प्युटरकडे वळल्या आणि पत्र टाइप करायला लागल्या. मी खुर्चीत थिजून बसले होते. मी रोज टनावारी माल तपासणारी बाई, एका शंकेवर अख्खा ट्रक थांबवते, आणि स्वतःच्या मुलीचं एक पत्र थांबवू शकत नव्हते. दीना माझ्याकडे टक लावून बघत होती. बोलू नकोस, एवढंच त्या नजरेत होतं.

प्रिंटरचा आवाज सुरू झाला आणि मी इतकी घाबरले की त्या भीतीनेच बोलले.

‘डॉक्टर, थांबा. तिला हे शब्द पाठ आहेत. सगळ्या याद्या पाठ आहेत.’

दीना ताडकन उठली. ‘शी’ज लाइंग! ती नेहमी अशीच करते, शी पॅनिक्स अबाउट एव्हरीथिंग.’

डॉक्टर आम्हा दोघींकडे बघायला लागल्या. कोणाचं खरं मानायचं हे त्यांना कळेना, आणि मला समजावून सांगता येईना. पाठ आहे म्हणजे काय, कोणी पाठ करून घेतलं, का? मी अप्पांकडे वळले. मराठीत म्हणाले, ‘अप्पा, तुम्हीच विचारा तिला. धड्याबाहेरचं काहीतरी.’

अप्पा नाही म्हणू शकले असते. त्यांना हेही माहीत होतं की एकदा विचारलं की परत घेता येणार नाही. त्यांनी कोटाची बटणं लावली, उठून उभे राहिले आणि त्यांच्या हेडमास्तरी इंग्रजीत डॉक्टरांना म्हणाले, ‘मॅडम, मी शिक्षक आहे. दहा शब्द आमच्या भाषेत विचारू का? घरातलेच शब्द आहेत, तिला लहानपणापासून येतात.’

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली.

‘बस, बाळा,’ अप्पा म्हणाले. दीना बसली. आजोबांपुढे तिने कधी हट्ट केला नव्हता. अप्पांनी शुद्धलेखन घालावं तसे एकेक शब्द सावकाश सांगितले. ‘चमचा. खिडकी. उशी. मीठ. दोरी. आरसा. कावळा. भाकरी. छत्री. बोट. आता म्हण.’

‘चमचा,’ दीना म्हणाली. ‘खिडकी.’

मग थांबली. तिने कपाळ दाबलं. ‘चमचा... कँडल. बास्केट.’

‘सावकाश, बाळा. पुन्हा सांगतो.’

त्यांनी दहाही शब्द पुन्हा सांगितले. या खेपेला दीनाने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. उत्तर न येणारी मुलं बघतात तसं, ओठांवरून काही सापडतंय का म्हणून. इन्स्पेक्टर वर्गात आला की अप्पा कच्च्या पोरांना ओठांनी उत्तरं पुरवायचे, ही त्यांचीच आवडती गोष्ट. या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

‘खिडकी,’ दीना म्हणाली. ‘चमचा. टायगर, ब्रिज, बटर...’ आणि लय सापडल्यावर तिचा चेहरा उजळला, ती थेट शेवटपर्यंत गेली. दहाव्या शब्दानंतर तिने अप्पांकडे बघून हसून विचारलं, ‘ऑल करेक्ट, आजोबा?’

मी अप्पांकडे बघितलं. सत्तर वर्षं ओलांडलेला माणूस, नातीला जगाच्या पुढे न्यायला निघालेला. त्यांनी टेबलाला हात टेकला. दीना अजून हसत होती, उत्तराची वाट बघत होती.

‘नाही, बाळा,’ अप्पा म्हणाले.

मग ते डॉक्टरांकडे वळले. ‘शी हॅज फेल्ड, मॅडम,’ ते म्हणाले. ‘प्लीज, राइट इट डाउन.’

डॉक्टरांनी प्रिंटरवरचं पत्र फाडलं आणि हॉस्पिटलला फोन लावला.